वळणावरचा खुरीस

लग्न होऊन मरोळला आले तेव्हा माझी बाजाराची वाट गावठाणातून जायची. कौलारू घरं, आणि वळणावर चौथऱ्यावर उभा दगडी क्रूस. गळ्यात झेंडूची माळ, पायाशी मेणबत्ती. असेल ग्रामदैवतासारखं काहीतरी, म्हणून मी पिशवी सावरत पुढे जायची. आमच्या शेजारच्या मावशी ईस्ट इंडियन. घरात मराठीच, फक्त ठसका वेगळा. एकदा त्याच म्हणाल्या, "अगं, तो आमचा खुरीस. प्लेगचा."

प्लेगचा? मग मात्र मी चौकशी केली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हां हां म्हणता लोक मुंबई सोडून पळू लागले आणि रोग साष्टीतल्या गावांपर्यंत पोचला. अंधेरी, मरोळ तेव्हा मुंबईत नव्हती, भातखाचरांची खेडी होती. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, पण लोक सुईला भीत. उंदरावरच्या पिसवा रोग पसरवतात, हे सिमाँ यांनी १८९८ साली दाखवलं. तोवर काय करायचं? ख्रिस्ती वस्त्यांनी नाक्यानाक्यावर क्रूस उभारले. संध्याकाळी तिथं जमून रोजरी, म्हणजे जपमाळ म्हणायची. काही क्रुसांवर त्या वर्षांचे आकडे अजून दिसतात.

तुम्ही म्हणाल, क्रुसानं प्लेग गेला का? मीही मावशींना तेच विचारलं.

"कुठला जातोय! माझ्या आजेसासूची दोन पोरं त्यातच गेली. तरी ती रोज खुरसापाशी जायची."

कशाला जायची, हे मला रोजरी समजून घेतल्यावर थोडं उमगलं. दहा-दहा मण्यांचे पाच भाग, आणि प्रत्येक भागाला एक प्रसंग मनात आणायचा. मंगळवारी नि शुक्रवारी दुःखाचे प्रसंग : बागेतली ती रात्र, फटके, काट्यांचा मुकुट, खांद्यावरचा क्रूस, मरण. पण दहा मणी संपले की देवाचा गौरव म्हणायचाच. येशूच्या मरणाचे दहा मणी संपल्यावरसुद्धा! बुधवारी गौरवाचे प्रसंग. त्यांची सुरुवात येशूच्या पुन्हा उठण्यानं, आणि शेवटी स्वर्गात मरियेला मुकुट. जिचा मुलगा डोळ्यांदेखत गेला, तीच ही आई. आणि उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. ते मला फार आवडलं. गौरव आला म्हणून जखम पुसली गेली नाही.

खरं सांगते, "देवाची इच्छा" असं कुणी दुःखात म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणणाऱ्याचं काय जातं? मावशींचा थोरला २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनानं गेला. शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. त्यांना सांत्वनाचे शब्द सांगायची माझी हिंमत झाली नाही. पुढं पुष्कळ दिवसांनी विचारलं, "मावशी, तेव्हा गौरव म्हणवत होता तुम्हाला?"

"नाही गं. माळ हातात धरायचे. गौरव आला की गप्प. बाकीच्या बाया म्हणायच्या. माझ्या वाट्याचा त्याच म्हणायच्या."

"मग पुन्हा कधी म्हणालात?"

"एक दिवस शेजारणीचा आवाज बसला होता. तिच्या वाट्याचा म्हणावा लागला."

मी ख्रिस्ती नाही. मेलेला माणूस उठतो, हे माझ्या मनाला अजून पटत नाही, आणि मावशीही पटवायला जात नाहीत. पण गेल्या मे महिन्यात खुरसापाशी प्रार्थना होती, तेव्हा कुकर उतरवून मी जाऊन उभी राहिले. म्हाताऱ्या, ऑफिसातून परस्पर आलेल्या मुली, कडेवर पोर घेतलेली एक सून. शेवटी उकडलेले चणे वाटले. मावशींनी माझ्या ओंजळीत मूठभर घातले आणि हळूच म्हणाल्या, "मीठ बघ गं. आज मी शिजवलेत."