हौदाचे पोपडे आणि पाण्याची भूक

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली असता, आणि कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या गेल्या काही वर्षांतील बातम्या अद्याप लोकांच्या स्मरणात असता, माधवनगरासारख्या सांगलीलगतच्या वस्तीत ज्याच्यापाशी बंगल्याभोवती मोकळे आवार आणि पदरी ऐपत आहे त्याने मुलाबाळांसाठी पोहण्याचा खासगी हौद बांधून घ्यावा, हे स्वाभाविकच आहे. आयर्विन पुलाच्या आसपास ज्या नदीत पिढ्यान्‌पिढ्या मुले पोहायला शिकली, त्या नदीत उतरू देण्यास आईबाप कचरावेत याची खंत मला फार वाटते. परंतु आजचा विषय त्या हौदांचा, आणि बांधल्यानंतर लवकरच सुरू होणाऱ्या त्यांच्या दुखण्यांचा आहे.

दुखणी ठरावीक असतात. पाण्याच्या रेषेलगत पांढरे पुट चढते, गिलावा पायाला खरखरीत लागतो, फरश्यांमधील पांढरे सिमेंट झिजते, तळाला तांबूस किंवा हिरवट-काळे डाग पडतात, आणि अखेरीस पोपडे सुटू लागतात. त्यावर सर्रास होणारा इलाज म्हणजे हौद उपसून ॲसिडने घासून काढणे. हा इलाज बहुतेक वेळा रोगाहून वाईट असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. घट्ट झालेल्या सिमेंटात चुना असतोच. ॲसिड डागाबरोबर त्या चुन्याचाही वरचा थर खाऊन टाकते, पृष्ठभाग अधिकच खडबडीत होतो, आणि त्या खाचखळग्यांत शेवाळाला पहिल्यापेक्षा भक्कम आसरा मिळतो. शिवाय ते ॲसिड ब्लीचिंग पावडरीशी मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. रिकाम्या हौदाच्या तळाशी काम करणाऱ्या मजुराच्या जिवाशी तो खेळ आहे.

खरे उत्तर गिलाव्यात नसून पाण्यात आहे, आणि ते शोधून ठेवणाऱ्या गृहस्थाचा पोहण्याशी काही संबंध नव्हता. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक विल्फ्रेड लँगेलियर यांना शहरांच्या लोखंडी नळांना लागणाऱ्या गंजाचा बंदोबस्त करावयाचा होता. पाण्यातील कॅल्शियम, त्याची अल्कता, त्याचा सामू, तापमान आणि विरघळलेले एकूण क्षार यांचा एकत्र हिशेब मांडला, तर ते पाणी चुन्याच्या बाबतीत तृप्त आहे की भुकेले, हे एका अंकात सांगता येते, असे त्यांनी १९३६ साली दाखवून दिले. अंक शून्याच्या वर गेला की पाणी चुना टाकू लागते, खाली गेला की जिथे सापडेल तिथला चुना खाऊ लागते. आणि हौदात तो सापडतो तो गिलाव्यात. नळांसाठी योजलेला हा हिशेब आज जगभर पोहण्याच्या हौदांना लावला जातो, आणि इतकी साधी व इतकी उपकारक मोजणी आपल्याकडे बंगलेवाल्यांच्या कानीही नसावी, याचे मला वाईट वाटते.

आता हा हिशेब इकडच्या ऋतूंना लावून पाहावा. बोअरचे पाणी मुळातच जड असेल, तर चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. तूट भरण्यासाठी पुन्हा तेच जड पाणी सोडले जाते, ब्लीचिंग पावडर आणखी कॅल्शियमची भर घालते, आणि तापलेल्या पाण्यात चुना अधिकच सुटा होऊन भिंतीला धरतो. मग पाऊस येतो. पावसाचे पाणी मृदू, किंचित आम्ल; हौद भरून वाहिला की जड पाणी निघून जाते, मृदू पाणी साठत जाते, आणि मे महिन्यात पुट चढवणारा हौद श्रावणात स्वतःचाच गिलावा खाऊ लागू शकतो. सबब चाचणी वर्षातून एकदा नव्हे, ऋतुमानाप्रमाणे व्हावी. सामू ७.२ ते ७.८, अल्कता लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम आणि कॅल्शियमजन्य जडपणा २०० ते ४०० मिलिग्रॅम, एवढ्या मर्यादा राखल्या की पाण्याची भूक आटोक्यात राहते.

डागांचे मूळ पुष्कळदा घरातच असते. तासगावकडील द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी लागणारे मोरचूद सहज हाती असते, शेवाळावर ते गुणकारीही आहे, म्हणून मूठमूठ टाकले जाते. पण सामू चढला की त्यातले तांबे तळाला बसून हिरवट-काळे डाग धरते. तांबूस डाग बहुधा बोअरच्या पाण्यातील लोहाचे असतात. पाला कुजून पडलेला डाग क्लोरीनने फिका होतो, लोहाचा होत नाही. त्यावर जीवनसत्त्व ‘क’ची साधी गोळी चोळून पाहावी, डाग उजळला तर लोह नक्की समजावे.

पोपड्यांची गोष्ट निराळी. इकडची काळी जमीन पाणी पिऊन फुगते, सुकली की भेगाळते, आणि पाटाच्या पाण्याने जिथे जमिनी क्षारपड झाल्या आहेत तिथे भूजल हौदाच्या तळाच्याही वर असू शकते. ते बाहेरून रेटा देते आणि गिलाव्याला मागून सोडवते. अशा दिवसांत भरलेल्या हौदाचे वजन हाच त्याचा आधार असतो. तो उपसला, तर संपूर्ण काँक्रीटची पेटी जमिनीतून वर उचलली जाऊन तडकू शकते. म्हणून हौदाशेजारी, त्याच्या तळाहून खोल अशी एक उभी नळी पुरून ठेवावी, तीत दोरी सोडून भूजलाची पातळी पाहावी, आणि पाणी तळाच्या खाली उतरल्याची खात्री झाल्यावर, म्हणजे बहुधा फाल्गुनानंतरच, गिलाव्याची दुरुस्ती हाती घ्यावी.