आधी जमीन, मग कुंडी

तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात एखादी जुनी इमारत असेल, तर तिच्या भिंतीकडे एकदा नीट पाहा. विटांच्या फटीत किंवा गच्चीच्या पन्हाळीजवळ वडाचे, पिंपळाचे एखादे रोप उगवलेले दिसेल. पक्षी आणि वटवाघळे या झाडांची फळे खातात. त्यांच्या विष्ठेतून बी फटीत पडते आणि तेथेच रुजते. चिमूटभर माती आणि पावसाचे थोडे पाणी, एवढ्यावर ते रोप जगते. पण पुढच्या वर्षी पाहावे, तर त्याचे खोड जवळजवळ तेवढेच. त्याच्या पुढच्या वर्षीही फार तर बोटाएवढे. याच झाडाचे दुसरे बी मोकळ्या जमिनीत रुजले, तर तेवढ्याच काळात त्याचे खोड मनगटाएवढे होऊ शकते. जात एक, ऊन एक, पाऊसही एक. फरक आहे तो मुळांना मिळालेल्या जागेचा.

हा फरक नीट समजला, तर बोन्सायविषयीचा एक मोठा गैरसमज दूर होतो.

बोन्साय हा जपानी शब्द आहे. ‘बोन’ म्हणजे ताटासारखे उथळ भांडे आणि ‘साय’ म्हणजे लावणे. उथळ भांड्यात झाड वाढवण्याची ही कला चीनमधून जपानात गेली आणि तेथे ती फार बहरली. पण बोन्साय म्हणजे केवळ लहान झाड नव्हे. ते हातभर उंचीचे असले, तरी रानातल्या जुन्या वृक्षासारखे भारदस्त दिसले पाहिजे. त्याचे खोड खाली जाड आणि वर निमुळते असावे. बुंध्याजवळची मुळे चारी बाजूंना पसरलेली दिसावीत. फांद्या बारीक आणि दाट असाव्यात.

अनेकांना वाटते, की लहान रोप आणावे, पहिल्याच दिवशी ते सुंदर उथळ कुंडीत लावावे आणि वाट पाहावी. झाड आपोआप ‘लहान वृक्ष’ होईल. तसे होत नाही. पाच-सहा वर्षांनंतरही त्या कुंडीत पेन्सिलीसारखी एक काडी आणि तिच्यावर चार पाने उभी असतात. रोपवाटिकेत अशी काडी बोन्साय म्हणून विकायला ठेवलेली तुम्ही पाहिलीही असेल.

येथे शब्दाची एक गंमत सांगतो. तुम्ही घरी ज्याला गमला म्हणता, त्याला मराठीत कुंडी म्हणतात. उर्दूतली कुंडी दाराला लावतात. मराठीतल्या कुंडीत झाड लावतात. उत्तरपत्रिका लिहिताना हे विसरू नका.

आता खोड जाड कसे होते, ते पाहू. झाडाची साल आणि आतले लाकूड यांच्यामध्ये जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. त्याला एधा म्हणतात. हा थर आतल्या बाजूला नवे लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला नवी साल. त्यामुळे खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते. या कामाला लागणारे अन्न पाने तयार करतात. पाने जितकी जास्त, तितके अन्न जास्त आणि त्या पानांच्या खालचे खोड तितके लवकर जाड होते. पानांना पाणी आणि क्षार पुरवतात मुळे. मुळांना जागा नसेल, तर पाने वाढत नाहीत. पाने वाढली नाहीत, तर खोड जाड होत नाही.

थोडा हिशेब करा. बोन्सायची एक मध्यम कुंडी ३० सेंटीमीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर खोल आहे, असे धरा. तिच्यात ३,००० घनसेंटीमीटर, म्हणजे फक्त ३ लिटर माती मावते. जमिनीत एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल एवढीच जागा रोपाच्या मुळांनी व्यापली, तरी ती ५०० लिटर होते. या दोन रोपांची बरोबरी कशी होणार?

उथळ कुंडीत आणखी एक अडचण आहे. ती डोळ्यांनी दिसत नाही. भांडी घासायचा एक आयताकृती स्पंज घ्या. तो पाण्यात पूर्ण भिजवा आणि हातावर आडवा धरा. पाणी गळायचे थांबले, की तोच स्पंज उभा धरा. पुन्हा पाणी गळू लागेल! भिजलेल्या मातीतही असेच घडते. कुंडीला भोक असले, तरी तळाशी पाण्याने भरलेला एक थर उरतोच. खोल कुंडीत या थराच्या वर पुष्कळ मोकळी माती असते. उथळ कुंडीत मात्र निम्मी माती ओलीचिंब राहू शकते. मुळांनाही हवा लागते. ती न मिळाल्यास मुळे कुजतात. म्हणून बोन्सायच्या कुंडीत नुसती काळी माती कधीच भरू नये. विटांचे बारीक तुकडे किंवा बारीक खडी आणि थोडे कुजलेले खत असे मिश्रण वापरावे.

मग जपानी लोक काय करतात? जपानच्या शिकोकू बेटावर कागावा नावाचा प्रांत आहे. तेथील ताकामात्सू शहरात किनाशी आणि कोकुबुंजी हे भाग आहेत. जपानात पाइनची, म्हणजे चिडाच्या जातीची जी बोन्साय झाडे तयार होतात, त्यांतील सुमारे ८० टक्के याच भागातून येतात, असे सांगितले जाते. तेथे गेल्यावर आपल्याला कुंड्यांच्या रांगा दिसतील असे वाटते. पण दिसतात ती शेते. आपल्याकडे वांगी-मिरचीचे वाफे असावेत, तशा काळ्या पाइनच्या ओळी जमिनीत लावलेल्या असतात. तेथील वाळूसारख्या मातीतून पाण्याचा निचरा चांगला होतो आणि पाऊसही बेताचा असतो. पाइनला असेच हवे असते.

रोप कोवळे आणि लवचीक असतानाच शेतकरी त्याच्या खोडाला तार गुंडाळून हवे तसे वळण देतात. नंतर ते झाड जमिनीत वर्षानुवर्षे वाढते. मोठ्या झाडांना दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. मात्र जमिनीत लावले आणि विसरून गेले, असे चालत नाही. अधूनमधून झाड उपटून मुळे छाटावी लागतात आणि ते पुन्हा लावावे लागते. तसे केले नाही, तर एकच जाड मूळ खोलवर जाते आणि पुढे ते झाड उथळ कुंडीत बसूच शकत नाही.

या शेतात एक चमत्कारिक दृश्य दिसते. झाडाचा खालचा भाग ठेंगणा, नीटनेटका असतो आणि त्यातूनच एक फांदी डोक्याच्या वर वेडीवाकडी वाढलेली असते. ती मुद्दाम ठेवलेली असते. तिची पाने भरपूर अन्न तयार करतात आणि तिच्या खालचे खोड जाड होत जाते. खोड पुरेसे जाड झाले, की ती फांदी कापून टाकतात. जपानी भाषेत तिला ‘गिसेई-एदा’ म्हणतात. याचा अर्थ तुम्हांला समजावण्याची गरज नाही : कुर्बानीची फांदी! ती कापल्यावर जखम राहते. म्हणून जाणते बागवान अशी फांदी झाडाच्या मागच्या बाजूला ठेवतात.

तुम्ही विचाराल, जमीन इतकी चांगली आहे, तर मग कुंडी हवीच कशाला? कारण जमिनीत झाड जाड होते, पण नाजूक होत नाही. तेथे फांद्या सरळसोट धावतात. दोन पानांमधले अंतर वाढते, पानेही मोठी होतात. बोन्सायला लागणारी बारीक फांद्यांची जाळी कुंडीतच तयार होते. कुंडीत मुळांना आवर बसतो, शेंडे वारंवार खुडता येतात आणि प्रत्येक खुडलेल्या शेंड्याच्या जागी दोन लहान शेंडे फुटतात. हळूहळू पानेही लहान येऊ लागतात. म्हणजे दोन्ही कामे आवश्यक आहेत. पण ती एकाच वेळी होत नाहीत. जाडी हवी असेल, तेव्हा झाडाला वाढू द्यावे लागते. आकार हवा असेल, तेव्हा कापावे लागते. रोज खुडायचे आणि खोड जाड होत नाही म्हणून तक्रारही करायची, हे झाडावर अन्याय केल्यासारखे आहे.

अपवादही आहे. तळहातावर मावेल एवढेच झाड करायचे असेल, तर जाड खोडाची गरज नसते. असे झाड सुरुवातीपासून लहान कुंडीत वाढवता येते.

कुंडीत झाड जगत नाही, असे मात्र समजू नका. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरातील राष्ट्रीय वृक्षोद्यानात जपानी पांढऱ्या पाइनचे एक बोन्साय आहे. ते १६२५ सालापासून बोन्साय म्हणून जोपासले जात आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा ते त्याच शहरात यामाकी कुटुंबाच्या घरी होते. भिंतीच्या आडोशाला असल्यामुळे ते वाचले. १९७६ साली त्या कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिले. ज्यांना बोन्साय म्हणजे झाडावर जुलूम वाटतो, त्यांनी या झाडाचे वय पाहावे. माझ्या मते जुलूम कुंडीत नसतो. पाणी घालायला विसरणाऱ्या हातात असतो.

आपल्याकडे पाइनच्या मागे लागण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातल्या उन्हात वड, पिंपळ, उंबर ही झाडे उत्तम वाढतात. रानात ती पुष्कळदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात किंवा खडकाच्या फटीत रुजतात. म्हणून थोड्या मातीत तग धरणे त्यांना जमते. शिवाय कापणे त्यांना सोसते. पाइनच्या फांदीवर एकही हिरवी सुई न ठेवता ती कापली, तर ती बहुधा वाळून जाते. वडाचे खोड अर्ध्यावर कापले, तरी खालून नवे कोंब फुटतात. त्यांतला एक कोंब शेंडा म्हणून वाढू द्यायचा, तो जाड झाला की पुन्हा कापायचा. असे दोन-तीन वेळा केले, की खोड खाली जाड आणि वर निमुळते होते.

पावसाळ्याच्या सुरुवातीला भिंतीतले एखादे रोप मोठ्या माणसांच्या मदतीने मुळांसह काढा. भिंतही वाचेल. शाळेच्या आवारात किंवा घराच्या परसात जागा असेल, तर ते जमिनीत लावा. त्याच्या खाली वीतभर खोलीवर शहाबादी फरशीचा तुकडा आडवा ठेवा. मुळे फरशीला अडतात आणि बाजूंना पसरतात. पुढे कुंडीत शोभतात ती हीच मुळे. तुमच्याकडे काळी माती असेल, तर रोप वरंब्यावर लावा. नाहीतर पावसात त्याच्या मुळांशी पाणी साचेल.

पण भिवंडी, मालेगाव, मुंबई येथे राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरासमोर हातभर मातीही नसते. त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. भाजीवाल्यांकडे प्लॅस्टिकचे जाळीदार क्रेट असतात. त्यात गोणपाट अंथरून माती, खडी आणि खताचे मिश्रण भरा. जमिनीइतकी वाढ होणार नाही, पण उथळ कुंडीपेक्षा कितीतरी अधिक होईल. जाळीचा एक फायदा असा, की मूळ कडेला पोहोचले की त्याचे टोक हवेने सुकते आणि मागून नवी बारीक मुळे फुटतात. बंद डब्यात मात्र मुळे कडेने गोल गोल फिरत राहतात. तेलाचा पत्र्याचा डबा तर उन्हात तापतोही. दुसरे काही मिळाले नाही, तरच तो घ्या. तळाला भोके पाडा आणि बाहेरून ओले गोणपाट गुंडाळा. क्रेट गच्चीवर ठेवण्यापूर्वी घरमालकाला विचारा, कारण ओल्या मातीचे वजन बरेच असते.

जमिनीतून कुंडीत नेण्याची घाई करू नका. मोठ्या फांद्या कापायच्या असतील, तर झाड जमिनीत असतानाच कापा. तेथे वाढ जोरात असते, म्हणून जखमेवर नवी साल लवकर चढते. कुंडीत नेल्यावर तीच जखम भरायला कितीतरी वर्षे लागतात. वडाची फांदी कापली, की पांढरा चीक येतो. तो ओल्या फडक्याने पुसा आणि हात धुवा. डोळ्यांना लावू नका.

मग एका पावसाळ्यात झाड उपटा. खाली जाणारी जाड मुळे कापा, बाजूची बारीक मुळे राखा. मुळे कमी झाली म्हणून वडाची बरीचशी पानेही काढून टाका. ते अजून उथळ कुंडीत लावू नका. एक-दोन वर्षे साध्या, थोड्या खोल कुंडीत राहू द्या. पहिले काही आठवडे सावलीत ठेवा आणि हलवू नका. तांबूस कोंब दिसू लागले, की नवी मुळे कामाला लागली आहेत असे समजा आणि झाड हळूहळू उन्हात आणा.