बदल तेवढाच सांगा

जानेफळच्या घरातून पुण्यातल्या लेकाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मध्येच चित्राचे चौकोन होतात. चित्र बिघडते, तेव्हाच ते चालते कसे हे थोडे उमगते.

टीव्हीच्या एका साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके. दर ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे २५ कोटी बिट होतात. एवढे ओझे वाहायचे कसे?

सालदार मालकाला रोज सगळे शेत वर्णन करून सांगत नाही. कालपासून काय बदलले तेवढेच सांगतो. चित्रातही मागची भिंत तीच असते, मान हलते. मान कुठे, किती सरकली याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज चुकला तेवढाच फरक पाठवायचा, अशी रीत डॉ. अरुण नेत्रावळी व जॉन रॉबिन्स यांनी १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेत मांडली. अशा रीतींच्या जोरावर तेच चित्र सेकंदाला ५० लाख बिटांच्या आसपास बसू लागले. मधला निरोप हरवला, की पुढचा हिशेब चुकतो. नवे पूर्ण चित्र आले की सावरतो.

नेत्रावळी १९६७ चे आयआयटी मुंबईचे पदवीधर, पीएच.डी. अमेरिकेतील राइस विद्यापीठाची. लोझानच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, २००१ मध्ये पद्मभूषण आणि २०१७ मध्ये मार्कोनी पारितोषिक मिळाले. या सन्मानांचा अर्थ आमच्या भागात नीट कळतो. शहरात वाट रुंद करता येते. जिथे वाट अरुंदच आहे, तिथे निरोप आटोपशीर करणाराच उपयोगी पडतो.