मामींचा आकडा

मिरजेतल्या एका दवाखान्याची ओपीडी. सकाळचे साडेअकरा वाजलेत. पहाटेच्या एसटीने जतहून निघालेल्या मामी बाकावर बसून आहेत. मांडीवर फाईल, दोन्ही हात पदराखाली. शेजारच्या आजींची बोटं करंगळीच्या बाजूला कलली आहेत. चहाचा कप त्या दोन तळव्यांत धरून पितात. आमवाताची पंधरा वर्षं नुसत्या दुखण्याच्या गोळ्यांवर काढली, असं सांगतात. मामी त्या बोटांकडे बघतात आणि आपले हात पदरात आणखी आत घेतात.

नंबर लागतो.

"काय म्हणताय मावशी?" डॉक्टर मॅडम विचारतात.

"बरं हाय की आता. गुण आला गोळ्यांनी. त्याच चालू ठेवा."

सोबत आलेल्या मलाही तसंच वाटतं. तीन महिन्यांपूर्वी सकाळी दोन-दोन तास मामींची मूठ वळत नव्हती. नळ सोडायला नातीला हाक मारावी लागायची. आता अर्ध्या तासात हात सुटतात.

मॅडम मान डोलावतात, पण पेन उचलत नाहीत. मामींचा उजवा हात हातात घेऊन एकेक सांधा दाबत जातात. स्वतःच्या अंगठ्याचं नख जेमतेम पांढरं पडेल, इतकाच दाब. खांदे, कोपरं, मनगटं, बोटांची मुळं, मधली पेरं, गुडघे. दोन्ही बाजूंचे मिळून 28 सांधे.

"इथं?"

"न्हाय."

"इथं?"

मामींचा श्वास अडकतो. मॅडम माझं बोट तिथे ठेवतात. तर्जनीच्या मुळाशी, दोन उंचवट्यांमधला खळगा भरून आलाय. हाताला कणकेसारखं मऊ लागतं. रोज ज्या हातचा चहा पितो, त्या हातावरची ही सूज मला कधी दिसली नव्हती.

दुखरे सांधे 6, सुजलेले 4. मग मामींना प्रश्न: "शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. आज किती?" मामी विचार करून "तीन" म्हणतात. त्याच मापावर मॅडम आपला अंदाज 4 मांडतात. बेरीज 17. फाईलच्या पहिल्या पानावर तीन महिन्यांपूर्वीची बेरीज आहे, 39. तिच्याखाली मामींचंच वाक्य लिहिलेलं आहे: 'पहाटे उठून दहा भाकरी थापायच्या.'

"निम्म्याहून खाली आलात, चांगलं झालं. पण सहा महिन्यांत आपल्याला 10 च्या आत यायचंय, जमलं तर 2.8 पर्यंत. दुखणं कमी झालं तरी सूज आतून हाड खातच राहते. भाकरी थापताय का?"

मामी खाली बघतात. "तीन-चार हुतात. मग मनगट धरतंय."

या मोजणीमागे पुरावा आहे. ग्लासगोत आमवाताच्या काही रुग्णांना दर महिन्याला बोलावून, सांधे मोजून, आकडा खाली येईपर्यंत उपचार वाढवत नेले. बाकीच्यांना नेहमीसारखं तीन महिन्यांनी तपासलं. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. दीड वर्षानंतर पहिल्या गटात 65 टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्यात 16 टक्क्यांचा. औषधं जुनीच होती. फरक पडला तो मोजण्याने आणि मोजल्यावर न थांबण्याने.

मामींचं औषध, मेथोट्रेक्सेट, 15 मिलिग्रॅमवरून 20 करायचं ठरतं. तेव्हा मामी मनातलं बोलतात. "सोमवारी गोळ्या घेतल्या की मंगळवारी मळमळतंय. रानात जाववत न्हाय." हे त्यांनी घरी कुणालाच सांगितलेलं नाही. मॅडम रक्ताचे आणि लिव्हरचे रिपोर्ट पुन्हा बघतात. ते ठीक आहेत. "मग गोळ्या बंद. तेच औषध सुईनं देऊ, पोटाला त्रास कमी होतो. फॉलिक ॲसिडची गोळी चालू राहील." कागदावर ठळक अक्षरात लिहितात: 'सुई आठवड्यातून एकदाच, सोमवारी. घरात उरलेल्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत.' मला ते मोठ्याने वाचून दाखवायला लावतात. हे औषध चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं.

"परत कधी?"

"महिन्यानं."

"एसटीचं भाडं, वर एक दिवसाची मजुरी..."

"रक्त जतलाच तपासा, रिपोर्ट फोनवर पाठवा. पण हात मला बघायलाच हवेत, मावशी."

मामी आपल्या मनगटाकडे बघतात. मग म्हणतात, "येते."

सांधे मोजायला जेमतेम तीन मिनिटं लागली. बाहेर अजून चाळीसेक माणसं बसली आहेत. त्या आजींचा नंबर आता लागतोय. त्यांची कललेली बोटं औषधाने सरळ होणार नाहीत. मामींची अजून सरळ आहेत.

तुमच्या घरी कुणाला आमवात असेल, तर दवाखान्यात 'बरं आहे' एवढंच सांगून परत येऊ नका. सांधे मोजून घ्या. आजचा आकडा फाईलवर लिहून घ्या आणि पुढचा किती हवा, कधीपर्यंत हवा, हे डॉक्टरांशी ठरवूनच उठा.