शेततळ्यातील मासा घरच्या मसाल्यात मुरवा



महाराष्ट्रात 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि घाटावरच्या कोरडवाहू गावांतही तळी दिसू लागली. पुष्कळांनी त्यांत रोहू, कटला, मृगळ सोडले. मासा चांगला पोसतो, विकलाही जातो. पण घरच्या ताटात मात्र येत नाही. का, असे विचारले की उत्तर ठरलेले, "साहेब, मातीचा वास येतो, पोरं खात नाहीत." अंगाला लागणारे इतके चांगले अन्न बांधावर असून मुलांच्या तोंडी लागत नाही, हे बरे नव्हे.

हा वास घाणीचा नाही. तळ्यातील निळे-हिरवे शेवाळ आणि गाळातील सूक्ष्म जीव एक द्रव्य तयार करतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर रानातून जो वास दरवळतो, तो मुख्यतः याच द्रव्याचा. ते कल्ल्यांवाटे माशाच्या अंगात शिरते आणि चरबीत साठते. आंबटाने हे द्रव्य मोडते. म्हणून चिंच, लिंबू किंवा कोकमाचे आगळ नुसत्या चवीसाठी नसते, हे माताभगिनींनी ध्यानात घ्यावे.

मासा ताजा हवा. खवले काढून पोट साफ करावे. पित्ताची पिशवी फुटू देऊ नये, नाहीतर सगळा मासा कडू होतो. पोटातील काळा पापुद्रा आणि कण्याला चिकटलेले रक्त बोटाने खरवडून काढावे. कंटाळा येतो खरा, पण निम्मे काम इथेच होते.

साफ केलेल्या एक किलो तुकड्यांना दोन चहाचे चमचे मीठ आणि एक चमचा हळद चोळून पंधरा मिनिटे ठेवावे. मिठाने पाणी सुटते, ते ओतून द्यावे. मग लिंबाएवढ्या चिंचेचा दाट कोळ, दहा-बारा लसूण पाकळ्या व बोटाच्या पेराएवढे आले वाटून, आणि दोन चमचे तिखट एकत्र करून तुकड्यांना लावावे. घरचा कांदा-लसूण मसाला असेल तर तिखटाऐवजी तोच घ्यावा. पाकिटातल्या लालभडक मसाल्याची मला तरी गरज वाटत नाही. चिंचेऐवजी आगळ वापरल्यास मीठ निम्मे करावे, कारण आगळ मुळातच खारट असते. भांडे स्टीलचे किंवा चिनी मातीचे असावे. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट कळकते.

अर्धा तास पुरे. मटणासारखा मासा रात्रभर मुरवू नये. त्याचे मांस कोवळे असते; आंबटात फार वेळ राहिले की वरून पांढरे पडते आणि तव्यावर भुगा होतो. लिंबू वापरले असेल तर वीस मिनिटांतच तुकड्या काढाव्यात. तांदळाच्या पिठात घोळवून, बेताच्या तेलात, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजाव्यात. पीठ ज्वारीचे असले तरी चालते, कुरकुरीतपणा थोडा कमी येतो इतकेच.

ज्यांच्याकडे स्वच्छ वाहत्या पाण्याचे टाके आहे त्यांनी जिवंत मासा खाद्य न देता दोन-चार दिवस त्यात ठेवावा. वास आधीच पुष्कळ उतरतो.

मसाला लावला म्हणजे मासा टिकला, असा समज अनेक घरांत आहे. तो खरा नाही. उन्हाळ्यात मसाल्याचा मासाही बाहेर नासतो. मुरेपर्यंत झाकून गार जागी ठेवावा व त्याच वेळच्या जेवणात संपवावा. भांड्याच्या तळाशी उरलेला कच्चा मसाला चटणीत घालू नये. कालवणात टाकून चांगला उकळावा.