पानामागचं गणित, भाग ७ : घड्याळाचे आकडे गोलात बसवताना

मागच्या भागात आपण कॅल्क() वापरून लांबी-रुंदीची बेरीज-वजाबाकी केली. त्याच कंसात आता साइन(), कॉस() आणि टॅन() बसवायचे आहेत. दहावीचा पेपर झाल्यावर त्रिकोणमितीला रामराम ठोकलेल्यांनी घाबरू नये. इथे सूत्रं सिद्ध करायची नाहीत, नुसती वापरायची आहेत.

घड्याळाची तबकडी घ्या. बाराही आकडे आधी तबकडीच्या मध्यावर एकावर एक रचायचे आणि प्रत्येकाला आपापला क्रमांक एका व्हेरिएबलमध्ये द्यायचा. (व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवलं तरी ब्राउझर कुरकुर करत नाही.) दोन आकड्यांत ३० अंशांचं अंतर असतं. म्हणून क्रमांकाला ३० ने गुणायचं आणि त्यातून ९० वजा करायचे, की झाला कोन. ९० वजा का? शून्य अंश म्हणजे थेट उजवीकडे, तीनच्या जागी. आपल्याला मोजणी बारापासून हवी. आता आकडा आडवा सरकवायचा तो त्रिज्या गुणिले कॉस इतका, उभा सरकवायचा तो त्रिज्या गुणिले साइन इतका. त्रिज्या १२० पिक्सेल असेल तर एकचा कोन उणे ६० अंश येतो. म्हणजे आकडा ६० पिक्सेल उजवीकडे आणि जवळपास १०४ पिक्सेल वर जातो. साइन उणे आला तरी आकडा वर कसा गेला, हा प्रश्न पडायलाच हवा. वहीत वाय-अक्ष वर वाढतो, पडद्यावर खाली. त्यामुळेच कोनही घड्याळाच्या दिशेने वाढतात आणि आपलं काम आयतंच सोपं होतं.

खरं सांगायचं तर, फिरवा, सरकवा, पुन्हा उलटं फिरवा, या जुन्या युक्तीनेही ही तबकडी जमते. माझ्या मते टॅन()ची खरी गरज भासते ती तिरक्या कडेच्या पट्ट्यात. कड टक्क्यांत कापली तर पडद्याची रुंदी बदलली की तिचा उतारही बदलतो. रुंदी गुणिले टॅन ५ अंश इतकी उंची कापली तर ३६० पिक्सेलच्या मोबाइलवर सुमारे ३१ आणि १४४० च्या पडद्यावर १२६ पिक्सेल कापले जातात. उतार दोन्हीकडे ५ अंशच राहतो.

एक खोडी मात्र लक्षात ठेवा. कोनापुढे ‘डेग’ हे एकक लिहायचं विसरलात तर ब्राउझर तो आकडा रेडियन समजतो. मग साइन ३० चं उत्तर ०.५ न येता उणे ०.९८८ येतं. चूक झाल्याचं कुठेच कळत नाही, आकडे मात्र भलतीकडे जाऊन बसतात.

सफारीत ही फंक्शन्स मार्च २०२२ मध्ये आली, फायरफॉक्समध्ये त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणि क्रोममध्ये मार्च २०२३ मध्ये. त्यामुळे आता बिनधास्त वापरा. लांबीवरून कोन काढणारं एटॅन२() पुढच्या आठवड्यात पाहू. तोवर त्रिज्या पिक्सेलऐवजी पडद्याच्या रुंदीच्या एककात लिहा आणि खिडकी लहान-मोठी करून तबकडीचं काय होतं ते बघा.