इमारतीची नाडीपरीक्षा

शहापूर तालुक्यातील ज्येष्ठ मंडळींना १९८३ चे वर्ष आठवत असेल. भातसा जलाशयाच्या परिसरात, खर्डीच्या बाजूस, त्या वर्षी जमीन वारंवार हादरत राहिली. सप्टेंबरमधील सर्वांत मोठ्या धक्क्याची तीव्रता ५ हून किंचित कमी होती. पुढे २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत हादऱ्यांची मालिका सुरू झाली आणि कित्येक कुटुंबांनी भर थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. म्हणजे हा विषय आम्हांला परका नाही.

धरणीकंप थांबल्यावर निवासी शाळेपुढे एकच प्रश्न उभा राहतो : आज रात्री मुलांना वसतिगृहात झोपवावे की मैदानात? नुसत्या डोळ्यांनी याचे उत्तर नेहमी मिळत नाही. गिलाव्यावरील तडा भयंकर दिसूनही निरुपद्रवी असू शकतो. उलट खांब आणि तुळई यांच्या सांध्यातील इजा रंगाआड दडून राहते.

येथे त्वरणमापक संवेदक उपयोगी पडतात. झोपाळ्याला जशी स्वतःची लय असते, तशी प्रत्येक इमारतीलाही असते. तळमजल्यावर दोन मजले असलेली काँक्रीटची इमारत सेकंदाला साधारण तीन-चार वेळा डोलते. वाऱ्याने, रस्त्यावरील ट्रकने, जिन्यातून धावणाऱ्या मुलांनीही ती थरथरते. आपल्याला जाणवत नाही, संवेदकाला जाणवते. खांब-तुळया तडकल्या की इमारतीचा ताठरपणा घटतो आणि लय मंदावते. ताठरपणा हा वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून सेकंदाला ४ आंदोलनांऐवजी ३.६ भरली, तर वरवर १० टक्के दिसणारी ही घट ताठरपणात सुमारे १९ टक्के असते.

महाराष्ट्रात या शास्त्राचा मोठा दाखला कोयनेचा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा धरणाच्या अंतर्भागात त्वरणलेखक बसविलेला होता. त्याने गुरुत्वत्वरणाच्या सहा-दशांशाहून अधिक त्वरण नोंदविले. धरणाचा उतार जेथे बदलतो त्या उंचीवर तडे गेले होते, आणि धक्का नेमका किती होता याची नोंदही हाती होती. पुढे धरणाला आधारभिंती देऊन बळकटी आणली गेली. जगभरचे अभियंते ती नोंद आजही वापरतात.

संवेदक सर्वज्ञ मात्र नव्हे. पावसात भिंती भिजल्या, उन्हाने तापल्या, सभागृह वंदनेसाठी भरले, तरी लय थोडी बदलते. धक्क्यापूर्वीची नोंद नसेल तर नंतरच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. निरोगी असताना नाडी कशी चालते हे वैद्याला ठाऊक हवे. शिवाय ही पद्धत मुख्यतः काँक्रीटच्या सांगाड्यासाठी आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तेथे प्रश्न मोजमापाचा नव्हता, मुळात बांधणीचाच होता. मुरबाडच्या पाड्यांवरील कारवीच्या कुडाची घरे हलकी असल्याने त्या मानाने बरी, असे आम्हांला वाटते.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे स्थापत्य अभियंते आहेत, त्यांना आमची एक विनंती आहे. वसतिगृहाच्या छतावर संवेदक ठेवून एकदा दिवाळीच्या सुट्टीत, इमारत रिकामी असताना, आणि एकदा ऐन पावसाळ्यात, मुले असताना, नोंद घ्यावी. ते आकडे इमारतीच्या नकाशांसोबत शाळेच्या दप्तरी ठेवता येतील.